लेबल सुटलेली कुपी

आमच्या दूध संस्थेच्या शीतकरण केंद्रात औषधांसाठी एक छोटा फ्रीज होता. त्याच्या दारावर मी एक कागद चिकटवला होता. सकाळी सहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी सात, असं रोज तीन वेळा आतलं तापमान मी त्यावर लिहीत असे. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण दुधाच्या धंद्यात माणसाला थर्मामीटरची सवय लागते. आत असत ती गुरांची औषधं: घटसर्पाच्या लशीच्या बाटल्या, इंजेक्शनची पावडर विरघळवायच्या शुद्ध पाण्याच्या काचेच्या कुप्या, आणि पान्हा चोरणाऱ्या म्हशीसाठी एक-दोन कुप्या.

केंद्र आमच्या गावात, तामलवाडीपासून चार मैलांवर. मी संस्थेचा सचिव. वय तेव्हा एकतीस, घरात बायको आणि दोन मुली. ऐंशीचं दशक संपायला आलं होतं आणि दुष्काळाचं आमच्याकडचं दुसरं वर्ष चालू होतं. एरवी रोज चारशे दहा लिटर दूध यायचं, ते त्या उन्हाळ्यात एकशे पस्तीसवर आलं होतं.

त्या उन्हाळ्यात आसपासच्या तीन गावांतून अकरा माणसं हजला निघाली होती. हजला जाणाऱ्यांना गर्दनतोड तापाची लस टोचून घेतल्याचा दाखला लागेल, असा नियम तेव्हा नुकताच झाला होता. दाखल्यावरची तारीख निघायच्या किमान दहा दिवस आधीची हवी, असं आमच्या डॉक्टरांना कळवलेलं होतं. लशीच्या दोन पेट्या जिल्ह्यावरून आल्या त्या उशिरा, आणि आमच्या सरकारी दवाखान्याचा फ्रीज बंद पडलेला. वीज दिवसाकाठी सहा तास. गावात जनरेटर एकाच जागी होता, आमच्या केंद्रात.

डॉक्टर तरुण होते, दीड वर्षापूर्वी आलेले. सोमवारी सकाळी पेट्या हातात घेऊन स्वतः केंद्रात आले.

"सचिव, दोन ते आठ अंशांच्या मधे राहील का?"

मी दारावरचा कागद दाखवला. त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला आणि हसले. "आमच्या दवाखान्यात असा कागद नाही."

मग त्यांनी एक पेटी उघडून मला नीट समजावून सांगितलं. आत पांढऱ्या पावडरीची एक बाटली, तिच्यात दहा जणांची लस. सोबत पाण्याची एक काचेची कुपी. हे साधं पाणी नाही, याच पावडरीसाठी बनवलेलं द्रावण आहे. टोचायच्या वेळी त्यात पावडर विरघळवायची. एकदा विरघळली की त्याच बैठकीत वापरायची, उरेल ती फेकायची, उद्यासाठी ठेवायची नाही. पावडर भिजता कामा नये, पाणी गोठता कामा नये.

"आणि गुरांच्या औषधांपासून लांब," ते म्हणाले. "एका कप्प्यात नको."

मी वरचा कप्पा मोकळा करून दिला. गुरांचं सगळं खाली. टोचायचा दिवस गुरुवार ठरला. गुरुवारपासून विमानाच्या दिवसापर्यंत बरोबर बारा दिवस होते. म्हणजे हाताशी जादा दिवस दोन.

त्या अकरा जणांत एक जोडपं आमच्या केंद्राचं सभासद होतं. गाव त्यांना चाचा आणि चाची म्हणायचं, मीही तेच म्हणे. चाचा सत्तरीला टेकलेले. चाची रोज पहाटे पितळी चरवी घेऊन रांगेत पहिली. दोन म्हशी, त्यातली एक आटलेली.

त्या चैत्रात मी चाचीचं दूध परत केलं होतं. दुधाचा दाटपणा मोजणारा लॅक्टोमीटर अठ्ठावीसच्या खाली आला की दूध घ्यायचं नाही, असा संस्थेचा ठराव होता. चाचीच्या दुधाला चोवीस आला.

"चाची, पाणी पडलंय."

"माझ्या हातानं न्हाय पडलं, बेटा."

"आकडा चोवीस दाखवतोय. मी काय करू?"

मागे रांगेत वीसेक माणसं होती. कुणीतरी हसलं. चाचीनं चरवी उचलली आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चोवीस, पुन्हा परत. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तू ये. तुझ्या डोळ्यासमोर धार काढते." मी गेलो. धार माझ्यासमोर निघाली, लॅक्टोमीटर मी तिथंच बुडवला. चोवीस. म्हशीच्या पोटात दोन महिने ज्वारीच्या वाळलेल्या सरमाडाशिवाय काही नव्हतं. दूधच पातळ होतं.

मी लॅक्टोमीटर पुसत राहिलो. चाची म्हणाली, "तुझं यंत्र बी खरं, माझी म्हस बी खरी." त्यावर चाचा म्हणाले, "आन् दोन दिस मी फुकटची खीर खातोय, ते बी खरं." पुढच्या सभेत मी तो ठराव बदलून घेतला. पण रांगेतलं ते हसणं काही मला परत घेता आलं नाही.

मंगळवारी दुपारी वीज गेली आणि त्याच वेळी जनरेटरचा पट्टा तुटला. नवा पट्टा सोलापूरहून यायचा होता. दुधाच्या गाडीबरोबर बर्फाच्या दोन लाद्या आल्या, भुशात गुंडाळलेल्या. दीड लादी दुधाच्या कॅनांना लागली. उरली अर्धी. फ्रीजमध्ये पारा अकरावर गेला होता.

इथं मी जे केलं ते सांगायलाच हवं. आमच्या धंद्यात सगळ्यांचं दूध एका टाकीत जातं. कुणाचं किती ते वहीत वेगळं, पण टाकी एक. त्या एका टाकीवरच आमची संस्था उभी होती आणि मला त्याचा अभिमान होता. औषधांच्या बाबतीतही माझा हात तसाच चालला. बर्फ एका बादलीपुरता होता, म्हणून मी बादली एकच केली. पावडरीच्या बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधल्या, कारण पावडर भिजू नये असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कुप्या तशाच बर्फाच्या पाण्यात सोडल्या. पाण्याला पाण्यात काय होणार? डॉक्टरांच्या दोन कुप्या डाव्या बाजूला, गुरांच्या तीन उजव्या बाजूला. बादलीत थर्मामीटर लावला. चार अंश. मी तो आकडा कागदावर लिहिला आणि मला समाधान वाटलं.

संध्याकाळी पट्टा आला, फ्रीज चालू झाला. कुप्या काढायला बादलीत हात घातला तर बर्फ वितळून सगळ्या एका कडेला गोळा झालेल्या. पाच कुप्या, सारख्याच उंचीच्या, सारख्याच निवळ. कागदी लेबलं सुटून बादलीच्या तळाशी त्यांचा लगदा झाला होता. दोन लेबलं तेवढी शाबूत: एका कुपीवर लशीच्या कंपनीचं, एका कुपीवर गुरांच्या शुद्ध पाण्याचं. बाकी तीन उघड्या. त्यांतली एक लशीची, एक शुद्ध पाण्याची आणि एक म्हशीला पान्हा सोडायला लावायच्या औषधाची.

मी त्या तिन्ही खिडकीपाशी नेऊन उजेडात धरल्या. एक मला केसभर उंच वाटली. लेबलवालीही तेवढीच उंच वाटली. मग तिच्या शेजारी दुसरी धरली, तर तीही तेवढीच वाटली.

तेव्हाच, मंगळवारी संध्याकाळीच, मी दवाखान्यात जायला हवं होतं. अंतर तीनशे पावलं. गेलो नाही. पहिल्या कुपीला लेबल आहे, म्हणजे दहा जणांचं काम होतंय. अकरा जणांतला एखादा येणारच नाही, कुणाला ताप असेल, कुणाचं जाणं रद्द होईल, असा हिशेब मी मनाशी केला. आयुष्यात मी इतका लबाड हिशेब दुसरा केलेला नाही. बुधवारही तसाच गेला.

गुरुवारी दवाखान्याच्या ओसरीत अकराच्या अकरा हजर होते. सिस्टरनं काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळून ठेवल्या होत्या. दर माणसाला वेगळी सुई. डॉक्टर प्रत्येकाला विचारत होते, आज ताप आहे का, पूर्वी कुठल्या सुईनं अंगावर गांधी उठल्या होत्या का, दम लागला होता का. टोचल्यावर अर्धा तास समोरच्या बाकावर बसायचं, घरी पळायचं नाही. दंड दुखेल, एखाद्याला रात्री कणकण येईल, घाबरायचं नाही.

"आन् यानं त्यो ताप कधीच येत न्हाय?" चाचांनी विचारलं.

"कधीच असं नाही. या तापाच्या दोन जातींपासून ही लस सांभाळते, ती साधारण तीन वर्षं. लाखो माणसं एका जागी जमतात तिथं एवढं सांभाळणंही मोठं आहे."

चाची माझ्या शेजारीच उभी होती. हळू आवाजात म्हणाली, "माझी थोरली यातच गेली. निजामाच्या राज्यात. सकाळी डोस्कं दुखतंय म्हनली, सांच्याला मान मागं ओढली, दुसऱ्या दिवशी दफन. पाच वर्साची." तिनं टेबलावरच्या सिरिंजांकडं बघितलं. "तवा अशी सुई आसती तर."

मला वाटत होतं तिला फक्त दाखला हवाय. तिला सुई हवी होती.

रांगेत चाची पहिली उभी होती. पण परगावच्या लोकांना परतीची एसटी धरायची होती, म्हणून ती मागे सरली. केंद्रातही उशीर झालेल्याला ती अशीच पुढं जाऊ द्यायची. पहिल्या बाटलीत दहा जण झाले, दहावे चाचा. ते दंड चोळत बाकावर जाऊन बसले. सिस्टरनं रिकामी बाटली बाजूला ठेवली आणि माझ्याकडं हात केला. "दुसरी पेटी."

मी पावडरीची बाटली दिली. मग रुमालातल्या तीन कुप्या टेबलावर ठेवल्या आणि बादलीची हकीकत सांगितली. किती वाक्यांत सांगितली ते आठवत नाही.

डॉक्टरांनी तिन्ही कुप्या एकामागून एक उजेडात धरल्या, जशा मी धरल्या होत्या.

"यातली कुठली, तुम्हाला सांगता येईल?"

"ही. थोडी उंच आहे."

"वाटतं, की खात्री आहे?"

बाकावरून एक जण म्हणाला, "डॉक्टरसाब, पानीच तो है. पान्यानं काय हुतंय?"

दुसरा म्हणाला, "आमच्या सुईत थोडं थोडं कमी भरलं आसतं तर म्हातारीचं भागलं आसतं."

"दुधात पाणी घातलं की भागतं, तसं?" डॉक्टर पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "कमी भरली तर अकराही जण अर्धवट. आणि या तिन्हींतली एक म्हशीची आहे." मग माझ्याकडं वळून शांतपणे म्हणाले, "सचिव, तुमचा शब्द मी मानतो. खात्री असेल तर सांगा, मी टोचतो."

चाचा बाकावरून माझ्याकडं बघत होते. एक शब्द बोलायचा होता. आणि मला खरंच वाटत होतं की ती उंच कुपीच बरोबर आहे. पण चोवीसचा आकडा वाचतानाही मला असंच वाटलं होतं. तेव्हा निदान हातात यंत्र होतं. आता फक्त डोळा होता, आणि त्या डोळ्याला कुपी उंच दिसावी असं फार वाटत होतं.

"खात्री नाही," मी म्हणालो.

चाचीनं वर सरकवलेली बाही खाली ओढली. "सचिवाला खात्री न्हाय तर मला बी नको," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी तिन्ही कुप्या तिथंच फोडून मोरीत ओतल्या. बरोबर कुपी कुठली होती हे आता कुणालाही कळायचं नाही. बऱ्याच वर्षांनी एका पशुवैद्याला मी विचारलं, पान्ह्याचं औषध तसं टोचलं गेलं असतं तर काय झालं असतं? त्यानं पुष्कळ वेळ सांगितलं, पण त्या ओसरीत मला हवं होतं ते उत्तर त्यात नव्हतं.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांचं पत्र घेऊन मी पहिल्या एसटीनं जिल्ह्याला, धाराशिवला गेलो. पत्रात चूक कुणाची ते माझ्या सांगण्यावरून स्पष्ट लिहिलं होतं. तिथल्या सरकारी औषध भांडारातल्या माणसानं ते दोनदा वाचलं.

"म्हणजे लस आहे, नुसतं पाणी पायजे?"

"हो. याच लशीचं."

"अहो, ते सुटं येत नाही. बाटलीमागं एक कुपी, मोजून. पुढचा माल महिन्यानं." मग त्यानं खुर्ची पुढं केली. "बसा, पाणी प्या. साधं आहे."

तिथूनच सोलापूर गाठलं. तिथल्या हजच्या लोकांची टोचायची बैठक बुधवारी होऊन गेली होती. दवाखान्यातल्या चौकशीच्या खिडकीवरची बाई म्हणाली, "अहो, बुधवारी चार जणांची उरली होती. संध्याकाळी फेकली. तुम्ही बुधवारी का नाही आलात?"

बुधवारी मी केंद्रात होतो. फ्रीजचं तापमान तीन वेळा लिहिलं होतं. पाच, पाच, सहा.

डॉक्टर दोन दिवस मुंबईला ट्रंक कॉल लावत होते. शनिवारी संध्याकाळी लागला. तिथं लस मिळाली असती तरी त्या दिवशी नेमके दहा दिवस उरले होते, आणि मुंबईला पोचायला एक रात्र लागते. हिशेब संपला.

रविवारी सकाळी मी चाचांच्या घरी गेलो. ते खाटेवर बसून सामानाची दोरी सोडत होते. बायको मागं ठेवून एकटं जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. चाचीनं रात्रभर समजावलं, ते ऐकले नाहीत.

"तुम्ही जावा चाचा. तुमचा दाखला झालाय," मी म्हणालो.

"तीन वर्सं चालतो म्हनला ना डॉक्टर? मग घाई कसली. पुढल्या साली दोघं जाऊ." त्यांनी दोरीची गाठ दातानं सोडवली. "तवर तू तुझ्या बादल्या दोन कर."

हा त्यांचा शेवटचा विनोद नव्हता, पण माझ्यावरचा शेवटचा होता.

ते वर्ष मी कसं काढलं ते घरच्यांना ठाऊक आहे. रोज पहाटे चाची चरवी घेऊन आली की मी विचारायचो, "चाचा बरे आहेत ना?" एकदा बायको म्हणाली, "त्या म्हाताऱ्याची तब्येत पण तुम्ही कागदावर लिहिता की काय?" लिहीत नव्हतो, पण ठेवत होतो. दिवाळीपर्यंत बरे होते. मग पायांवर सूज आली. पौषात दमा वाढला आणि एका पहाटे चाची रांगेत आली नाही. साडेसहापर्यंत वाट बघून मी लॅक्टोमीटर खाली ठेवला आणि केंद्राला कुलूप लावून त्यांच्या घरी गेलो. दाखला चाचांच्या उशाखाली होता. त्याची दोन वर्षं आणि काही महिने अजून बाकी होते.

डॉक्टरांनी मला कधी दोष दिला नाही. एकदाच म्हणाले, "गुरुवारी खरं बोललात ते बरं झालं. मंगळवारी बोलला असता तर जास्त बरं झालं असतं." हे वाक्य मी माझ्या दोन्ही मुलींना सांगितलेलं आहे, कुणाचं ते न सांगता.

पुढच्या उन्हाळ्यात चाचीनं अर्ज पुन्हा केला. या वेळी सोबत तिचा धाकटा भाऊ, अणदूरचा. आमच्याकडून सात जण होते. दवाखान्याचा फ्रीज अजून तसाच. डॉक्टर पेट्या घेऊन आले आणि केंद्राच्या दारात थांबले.

"यंदा कुठं ठेवता?"

मी फ्रीज उघडून दाखवला. रिकामा होता. गुरांची सगळी औषधं मी आदल्या दिवशी तामलवाडीच्या जनावरांच्या दवाखान्यात पोचवून आलो होतो. पेट्या आत गेल्यावर प्रत्येक कुपीला मी चिकटपट्टी गुंडाळली, तिच्यावर पेन्सिलीनं लिहिलं, वरून दोरा बांधला. एक कुपी तासभर पाण्यात बुडवून बघितली. अक्षर टिकलं. जनरेटरचे पट्टे दोन आणून ठेवले होते.

टोचायच्या दिवशी चाची रांगेत पहिली होती. मागच्या माणसाला एसटीची घाई होती. तो पुढं घुसायला लागला, तशी ती म्हणाली, "थांब भाऊ. एकदा सोडली जागा मी." तो मागे झाला.

मागच्या सालचीच सगळी विचारपूस डॉक्टरांनी केली. ताप नाही, गांधी नाहीत, दम नाही. सिस्टरनं माझ्यासमोर कुपी फोडली, पावडर विरघळवली, सिरिंज भरली. चाचीनं बाही वर केली, पण दंड पुढं केला नाही. ती माझ्याकडं वळली.

"सचिव, खात्री हाय का?"

"हाय," मी म्हणालो.

मग तिनं दंड पुढं केला. सुई जाताना डोळे मिटले नाहीत. टोचून झाल्यावर ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला, चाचा बसले होते तिथं जाऊन बसली. मी घड्याळ बघितलं. नऊ वाजून वीस मिनिटं. उरलेल्या सहा जणांचं होईपर्यंत मी तिच्यापाशी उभा राहिलो. एकदा तिनं दंडाला हात लावला.

"दुखतंय का?"

"थोडं," ती म्हणाली. "त्यांना बी एवढंच दुखलं असंल."

नऊ पन्नासला मी सांगितलं, "चाची, अर्धा तास झाला." ती उठली नाही. मी पण तिथंच बसलो.